शेडमधलं स्टेशन

वाल्मीकअप्पांनी गुरुवारी सही केली नाही. रविवार उजाडला तरी विधात्यांच्या घरात दुसरा विषय निघत नव्हता, आणि निघालाच तर दोन वाक्यांत परत तिथंच येत होता.

कागद साधा होता. मखमलाबादच्या मळ्याची वाटणी करायची, तर सातबाऱ्यावरच्या चार नावांचा निकाल लागायला हवा होता. थोरली बहीण आक्काबाई हक्क सोडायला तयार होती. वाल्मीक आणि भिमाजी हे दोघे भाऊ समोरच होते. राहिला धाकटा पुंजा. तो पंचाहत्तर साली, एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून गेला, त्याला आता सव्वीस वर्षं होत आली होती. वकील म्हणाले, दोघा भावांनी लिहून द्या, सात वर्षांहून अधिक काळ पुंजाचा ठावठिकाणा आम्हांस माहीत नाही. पुढचं कोर्टात बघू. भिमाजीने चष्मासुद्धा न लावता सही केली. अप्पांनी कागद दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे मला जमायचं नाय."

का, ते सांगितलं नाही. उठून शेडकडे चालू लागले.

त्या शेडकडे भिमाजीची बायको चंद्रभागा पाच वर्षं डोळा ठेवून होती. रस्त्याकडेची ही पत्र्याची शेड फुलांच्या पॅकिंगसाठी बांधलेली. अप्पा रेल्वेतून रिटायर होऊन मुंबईहून परत आले तेव्हा बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, सोबत एक ट्रंक आणि अवजारांची पेटी. आल्या आल्या म्हणाले, "मला तेवढी शेड द्या, बाकी काही नको." चंद्रभागेला वाटलं, चार रोपं लावतील, पेपर वाचत बसतील. अप्पांनी शेडला कुलूप घातलं आणि आत स्टेशन बांधायला घेतलं. मुंबईचं मोठं टर्मिनस. तिथल्या यार्डातल्या केबिनमध्ये तीस वर्षं त्यांनी रूळ बदलायचे खटके ओढले होते. ते अख्खं स्टेशन फळ्यांवर उभं राहायला लागलं आणि फुलांचं पॅकिंग घराच्या पडवीत आलं.

आता शेडपुढचा रस्ता रुंद व्हायचा होता, आणि त्या बाजूच्या जमिनीला भाव येणार होता.

"आई, गोष्ट सरळ आहे," महेश म्हणाला. मायलेक सकाळी पडवीत गुलाबाच्या जुड्या बांधत होते. "पुंजाकाका जिवंत आहे. अप्पांना पत्ता माहीत आहे. आज खोटी सही केली आणि उद्या काका उभा राहिला तर अप्पा अडकतील. म्हणून सही नाही. आणि काका उभा राहणारच. दोघांचे वाटे एकत्र करतील, रस्त्याकडची बाजू मागतील. शेड आधीच ताब्यात आहे."

भिमाजी खांबाला टेकून चहा पीत होता. "तोंड आवर. अप्पा तसला नाय."

"मग कसला हाय?" चंद्रभागेने विचारलं. "सांगा ना. पाच वर्षं झाली, एकदा तरी म्हणाले का, भिमाजी, आत ये, बघ मी काय केलंय? तुम्ही तरी गेलात का कधी?"

"मला काय करायचंय खेळण्यांशी."

"खेळणं नाय ते. मी परवा खिडकीखालून जात होते. आत अप्पा बोलत होते. 'थांब. आता दिसत नाय. अजून पुढं सरक. थांब, दिसला.' कोण दिसला? कोणाला लपवायचं चाललंय?"

"योगिनीला विचार," महेश म्हणाला. "तीच असते तिथं."

"विचारलं. म्हणाली, तुला नाही कळायचं." चंद्रभागेने जुडीला दोरा करकचून आवळला. "पोटची पोर, पण त्या शेडमध्ये गेल्यापासून तिचाही भरवसा वाटत नाय मला."

भिमाजीने कप खाली ठेवला. महेशचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, पण एका गोष्टीने त्याला झोप नव्हती. पुंजा जिवंत असेल आणि अप्पाला ते माहीत असेल, तर सव्वीस वर्षं आपण ऐकून घेतलं ते कशासाठी?

*

योगिनी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि अप्पांच्या स्टेशनाची सगळी वायरिंग तिची होती. सुरुवातीला ती उत्सुकतेने गेली, मग सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथंच जायला लागला.

अप्पा एका फुटाला पाव इंच धरायचे. त्या मापाने स्टेशन आणि यार्ड मिळून पंचवीस फूट लांब झालं होतं. रूळ छत्रीच्या काड्यांचे. स्लीपर आइसक्रीमच्या काड्या चिरून केलेले. मधला घुमट म्हणजे पालथी घातलेली स्टीलची वाटी, वर करड्या रंगाचे चार हात. रुळांचे सांधे बदलायला जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी होत्या, त्या योगिनीने भद्रकालीच्या भंगारवाल्याकडून आणल्या होत्या. यार्डाच्या कडेला काडेपेटीएवढी केबिन, तिला तीन बाजूंनी काचा. केबिनमध्ये मात्र अप्पांनी एक नखाएवढा आरसा तिरका बसवला होता. वरून त्यात पाहिलं की केबिनमधल्या माणसाला काय दिसतं ते दिसायचं.

"अप्पा, सातव्या लाइनीवरचे डबे काढू का आज? इंजिन पूर्ण फिरवून बघायचंय."

"त्याला हात लावू नको."

"मग घड्याळाला सेल तरी घालते. सगळं स्टेशन चालतंय आणि घड्याळ बंद, कसंतरी दिसतं."

"एक वाजून दहा राहू दे."

योगिनीने टेबलावरची काडेपेटीतली काडी उचलली. ही काडी म्हणजे माणूस. गेले वर्षभर अप्पा तिला हीच काडी चालवायला लावत. पुलाखालून निघायचं, सातव्या लाइनीवर उभ्या डब्यांच्या पलीकडून चालत यायचं, शेवटच्या डब्याला वळसा घालून रूळ ओलांडायचे. अप्पा आरशावर डोळा लावून बसत. थांब. आता दिसत नाय. सरक. कधी नऊ डबे लावत, कधी एक काढून आठ. मग वहीत काहीतरी लिहीत आणि वही खिशात घालत.

काडीच्या कडेला मोहरीचा दाणा चिकटवला होता. तिने एकदा विचारलं होतं, हे काय. जेवणाचा डबा, असं अप्पा म्हणाले होते.

"अप्पा, गुरुवारी सही का नाही केली?"

"खोटं लिहिलं होतं."

"त्यात एवढंच होतं की काकाचा ठावठिकाणा माहीत नाही." योगिनी थांबली. तिला बोलता बोलताच ते उमगलं. "मग त्यात खोटं काय आहे?"

अप्पा रुळाला डाग देत होते. त्यांनी सोल्डरिंगची बंदूक स्टँडवर ठेवली, बटण बंद केलं.

"तू आता घरी जा," ते म्हणाले.

पाच वर्षांत त्यांनी तिला कधी जा म्हटलं नव्हतं. ती बाहेर पडली तेव्हा काडी तिच्या मुठीतच राहिली होती.

*

आक्काबाई चांदवडला दिली होती. नवरा गेल्यावर ती परत माहेरी आली, तेव्हा पुंजा चार वर्षांचा होता. आई अंथरुणाला खिळलेली. पुंजाला न्हाऊ घातलं आक्काने, शाळेत घातलं आक्काने, आणि शेवंतीच्या वाफ्यांवर पुंजाच्या हातून पाण्याची मोटार रात्रभर चालू राहून सगळी रोपं सडली म्हणून भिमाजीने त्याला बैलाच्या कासऱ्याने मारलं, तेव्हा मध्ये पडून पाठीवर दोन वळ घेतले तेही आक्काने. पहाटे पुंजा निघून गेला. तेव्हापासून आक्काचं भिमाजीशी बोलणं कामापुरतं. दर दिवाळीला पहिल्या आंघोळीच्या वेळी ती एकदा म्हणायचीच, "तुझ्या हातानं गेला तो." भिमाजी मान खाली घालून पाणी ओतून घ्यायचा.

वाल्मीकवर मात्र तिचा जीव होता. पुंजा मुंबईला त्याच्याकडे गेला होता आणि वाल्मीकने त्याला आठ दिवस ठेवून घेतलं होतं. त्याचं पत्र तिला पाठ होतं. 'पुंजा आठ दिवस राहिला. मला रोज दुपारचा डबा आणून द्यायचा. काल उत्तरेकडे काम बघायला गेला, मी स्वतः गाडीत बसवून दिलं. काळजी करू नये.'

योगिनी आली तेव्हा आक्का ओट्यावर वेणीसाठी अबोली निवडत होती. पोरीने मूठ उघडून काडी दाखवली, आणि पुलापासून रुळांपर्यंत अप्पा ती कशी चालवतात ते सांगितलं.

"आत्या, हा अप्पांना डबा घेऊन येतो. आणि रूळ ओलांडताना अप्पा नेहमी सांगतात, इथंच थांब. पुढं कधीच जाऊ देत नाहीत."

आक्काने काडी हातात घेतली. दाणा तिला दिसला नाही, बोटाला लागला.

"तुझ्या बापाला बोलाव," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलाव. आणि मला हात दे."

*

भिमाजी पहिल्यांदाच शेडमध्ये शिरला. त्याला वाटलं होतं, जत्रेतल्यासारखं काही असेल. फलाट, त्यांवरची छपरं, सिग्नलचे लाल-हिरवे ठिपके आणि एकमेकांत शिरून परत सुटणारे रूळ पाहून तो दारातच थांबला. आपल्या भावाने आयुष्यभर काय काम केलं, हे त्याला आज दिसत होतं.

चंद्रभागा आणि महेश भिंतीशी उभे राहिले. अप्पा स्टुलावर बसले होते. त्यांनी कोणालाही का आलात असं विचारलं नाही.

"वाल्मीक," आक्का म्हणाली, "तू पत्रात लिहिलं होतं, मी पुंजाला गाडीत बसवून दिलं. कोणत्या फलाटावर ते दाखव."

अप्पांनी स्टेशनाकडे पाहिलं. ते अकरा फलाट त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवले होते. एकावरही त्यांचं बोट गेलं नाही.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," महेश पुटपुटला. "काका कुठं आहे ते यांना माहीत आहे."

"माहीत हाय," अप्पा म्हणाले. "तो गाडीत नाय बसला, आक्का."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, पण काही गाळलं नाही. बाहेरच्या माणसाला यार्डात यायची मनाई होती. पण दरवाज्याकडून केबिनला यायचं तर पाऊण मैलाचा वळसा होता, म्हणून त्यांनीच पुंजाला पुलाखालची वाट दाखवली. सात दिवस तो त्या वाटेने डबा घेऊन आला. आठव्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी खटका ओढला, मोकळ्या इंजिनाला सहाव्या लाइनीवर वाट दिली आणि पुंजा उभ्या डब्यांच्या मागून त्याच लाइनीवर आला.



"पोलीस आले. विचारलं, याला कोणी ओळखतं का. सगळ्यांना विचारलं, मलाही विचारलं. मी नाय म्हणालो." अप्पांचे हात मांडीवर होते. "बाहेरचा माणूस मी आत आणला हे कळलं असतं तर नोकरी गेली असती. त्या घटकेला तेवढंच डोक्यात आलं. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या तर त्याला बेवारस म्हणून घेऊन गेले. मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतो. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार?"

आक्का खाली बसली. योगिनीने तिला धरलं. ती रडली नाही, नुसती फलाटांकडे बघत राहिली.

भिमाजी पुढे आला. "मला सांगायचं होतंस."

"चुकलं."

"आक्काला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मला सांगायचं होतंस. दर दिवाळीला ही मला म्हणते, तुझ्या हातानं गेला. तू पाटावर शेजारी बसलेला असायचा, अप्पा. तेल लावत बसायचा. एकदा तरी म्हणाला का, आक्का, गप बस?"

भिमाजी अजून एक पाऊल पुढे आला.

"माझ्या पोरांना लोक विचारायचे, तुझ्या बापानं चुलत्याला मारून घालवलं ना. हा महेश दहा वर्षांचा होता, त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो."

महेशने नजर दुसरीकडे वळवली. चंद्रभागेला ते आठवत होतं. पाच वर्षं ती या शेडवर संशय घेत होती, आणि संशय घ्यायला जागा होती हे खरं निघालं, पण तिला त्यात काही गोड वाटलं नाही. तिने पदराने नवऱ्याच्या खांद्यावरचा गुलाबाच्या पानांचा कचरा झटकला आणि हात तिथंच ठेवला.

"आणि हे कशाला बांधलंस?" भिमाजीने विचारलं.

"बघायला," अप्पा म्हणाले. "तो मला केबिनमधून दिसत होता का नाय, ते बघायला. ये इकडं."

त्यांनी भिमाजीला आरशापाशी बसवलं. योगिनीने काडी आणून दिली. अप्पांनी ती पुलाखालून चालवायला सुरुवात केली. सातव्या लाइनीवर नऊ डबे होते. भिमाजीला आरशात डबेच दिसत होते, आणि काडी दिसली ती एकदम रुळावर.

"नऊ असतील तर मला दिसणं शक्यच नव्हतं," अप्पा म्हणाले. मग शेवटचा डबा त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि काडी परत मागून आणली. या वेळी ती आधीच दिसली. बारा-पंधरा पावलं, भर उजेडात.

"आणि होते किती?"

"आठवत नाय."

"पाच वर्षं खपून स्टेशन बांधलंस. रूळ न् रूळ आठवतो. कोणत्या खांबावर दिवा होता ते आठवतं. आणि डबे किती होते ते आठवत नाय?"

"नाय आठवत, भिमा."

भिमाजी उठला. त्याने भावाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बाजारात व्यापारी पाटीतलं वरचं फूल बाजूला करून खालचं पाहतो तसं. मग तो दाराकडे वळला. आक्काने जमिनीवरूनच त्याचं धोतर धरलं.

"भिमाजी," ती म्हणाली. "मी तुला लय बोलले."

"राहू दे, आक्का," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

*

पुढच्या शनिवारी ते सगळे गोदेवर रामकुंडापाशी गेले. देह घरच्यांना मिळाला नाही अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. अग्नी कोणी द्यायचा, हा प्रश्न आक्काने घरातच मिटवला होता. थोरला असला तरी वाल्मीक नाही, भिमाजी देईल. अप्पांनी ते मान्य केलं. नव्या कागदावर, पुंजा मयत असल्याचं लिहिलं होतं त्यावर, त्यांनी शुक्रवारीच सही केली होती.

गुरुजींनी पुतळा बांधला, नाव, गोत्र विचारलं. "तिथी माहीत आहे का? नसेल तर अमावास्या धरू."

"चैत्र वद्य नवमी," मागून अप्पा म्हणाले. "दुपारची वेळ. पंचाहत्तर साल."

गुरुजींनी मान डोलावली आणि समिधा आणायला पायऱ्या चढून गेले. आक्का आणि चंद्रभागा वरच्या पायरीवर होत्या. महेश गाडी लावायला गेला होता. योगिनी तांब्यात पाणी भरत खाली वाकली होती.

भिमाजी ओल्या धोतरात पुतळ्यासमोर बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. हळू आवाजात विचारलं, "अप्पा, डबे किती होते?"

अप्पा एक पायरी खाली उतरले.

"आठ," अप्पा म्हणाले.

"दिसला होता तो तुला."

"दिसला. हात केला त्यानं मला, डबा वर करून. इंजिन त्याला दिसलं असेल असं वाटलं मला. वाटलं, थांबेल."

योगिनीच्या हातातला तांब्या भरून वाहायला लागला होता. तिने तो वर काढला नाही.

भिमाजीला रविवारपासून वाटत होतं, हे उत्तर मिळालं की आपला हात उठेल. हात उठला नाही. आपण मारलेल्या कासऱ्याचे वळ अंगावर घेऊन पुंजा सात दिवस त्या वाटेने चालला, आणि आठव्या दिवशी हसत हात वर केला, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"भिमाजी," वरून आक्काने हाक मारली. तिला ऐकू कमी येत होतं. "काय म्हणाला रे तो?"

अप्पा उभेच होते. सांगितलं तर आजच, नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं. योगिनी बापाकडे बघत होती.

"काय नाय, आक्का," भिमाजी म्हणाला. "तिथी सांगितली."